फुटलेलं डोकं आणि मोडलेला हात

माझा हात एकदा मोडला होता, असं पेपरात छापून आलेलं आहे. कोणता हात ते पेपरवाल्यानं लिहिलं नव्हतं, म्हणून माझ्या बापानं उजवा ठरवला. बातमी वाचून तो घरात धावत आला तेव्हा मी त्याच उजव्या हातानं पाट्यावर पुरण वाटत होते. तो म्हणाला, "हात पदरखाल ले. लोकं ई ऱ्हायनात." लोक बघायला येतच होते, म्हणून मी हात पदराखाली घेतला आणि पुरण आईनं वाटलं.

आता हे नीट कळायचं तर आमची नदी सांगायला हवी. सातपुड्यातून उतरून तापीला मिळणारी ती नदी पावसाळ्यात मोठा रुबाब करते, उन्हाळ्यात मात्र घोट्याएवढ्या पाण्यावर येते. अलीकडच्या काठाला माझं माहेर, पलीकडच्या काठाला सासर. लग्न ठरलं तेव्हा सगळे हसले होते, पोरीला दिली कुठं, तर चुलीचा धूर दिसतो तिथं! लोक शहाद्याच्या बाजाराला जायला जेवढे चालतात, त्याच्या निम्मंही मला माहेरी यायला चालावं लागत नव्हतं.

आणि आमच्याकडची अखाजी. देशावरचे लोक अक्षय तृतीया म्हणतात आणि एक आमरसाची वाटी खाऊन झोपतात. खानदेशात तो लेकीबाळींचा सण. निंबाला झोके बांधायचे, गौराई बसवायची, गाणी म्हणायची, आणि शेवटी गौराई घेऊन नदीवर जायचं. तिथं समोरच्या गावच्या बायका आलेल्याच असतात. मग या काठावरून त्या काठाला शिव्या! साध्यासुध्या नव्हे, वर्षभर सांभाळून ठेवलेल्या. सोबत मातीची ढेकळं. कुणाला लागू नये अशी फेकायची, पण पाणी उडालं पाहिजे. सासू, नणंद, विहीण, त्या दिवशी कुणाची भीडभाड नाही. अंधार पडायच्या आत सगळ्या आपापल्या घरी, आणि दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला काही बोलायचं नाही. पुरुषांनी त्या वेळी नदीकडे फिरकायचं नाही, हा आमच्या दोन्ही गावांचा पक्का रिवाज. त्यांच्याबद्दलच निम्म्या शिव्या असायच्या, मग त्यांनी येऊन करायचं काय?

माझ्या लग्नानंतरची ती पहिलीच अखाजी. पण त्या एका वर्षात गावं पार बदलून गेली होती. चळवळीचा जोर होता. माझ्या बापानं खादी धरली, टोपी धरली आणि पारावर बसून बोलणंही धरलं. पलीकडे माझे सासरे पाटील, दप्तर सरकारचं, तेव्हा त्यांना सरकार धरावं लागलं. दोघांनी आपापला पेपर लावला. दोन्ही साप्ताहिकं नंदुरबारच्या स्टेशनात एकाच गाडीतून उतरायची, एकाच मोटारीनं शहाद्याला यायची, आणि नदीच्या दोन काठांवर जाऊन एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. आमच्या पारावर खादीचा पेपर मोठ्यानं वाचला जायचा, त्यांच्या चावडीवर साहेबाचा. एका पेपरात ज्या सभेला माणूस मावत नव्हता, त्याच सभेला दुसऱ्यात कुत्रं फिरकलं नव्हतं. ऐकणारे मात्र दोन्हीकडे मान डोलवायचे.

त्या अखाजीला मी माहेरी आलेली, माहेरच्या बायकांबरोबर नदीवर गेले आणि मनसोक्त बोलले. वर्षभर डोक्यावर पदर घेऊन "हो आत्याबाई, नही आत्याबाई" केलेलं होतं, ते सगळं फेडून घेतलं. माझी सासू समोरच उभी. कमरेवर घागर, कासोटा मारलेला, आवाज असा की बगळे उडाले. ती ओरडली, "तुन्हा बापनी टोपीमा कोंबडीनी अंडं घालं!" मी म्हटलं, "तुमना पाटलानी मिशी साहेबना जोडा पुसस!" काय सांगू, इतकी हसली ती, की कमरेवरची घागर निसटली आणि खडकावर फुटली. माती ती, फुटायचीच. दोन्ही काठांवर हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली.

एवढंच घडलं. खरंच एवढंच.

पुढच्या आठवड्यात आमच्या पारावर वाचलं गेलं, सरकारधार्जिण्या स्त्रियांचा देशभक्त भगिनींवर भ्याड हल्ला, एका नवविवाहितेचा हात मोडला. आमच्या गावात आदल्या वर्षी नदीपलीकडे दिलेली नवविवाहिता मी एकटीच. बघायला माणसं लोटली. हळद आली, तूप आलं, एकीनं तर हाडवैद्याचं तेल आणलं. मी घसा खरडून सांगत होते, "अहो, काही झालं नाही!" तर बाप डोळे पुसून म्हणायचा, "किती सोसस मन्ही पोर." मला त्याचा राग यायचा आणि हसूही यायचं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं हो. त्यानं पेपर वाचला होता, आणि नदीवर तो नव्हता.

आई मला म्हणाली, बायकांनी तिथं पाहिलंय ते यांना पटत नाही, आणि न पाहणाऱ्यानं छापलं ते पटतं. तिनं चार दिवस बापाच्या ताटात आमरस वाढला नाही.

उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डे करून झिरपलेलं पाणी भरायचं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. मधल्या वाळूतला झिरा दोन्ही गावांचा. एका सकाळी तिथं सासू भेटली. तिनं ओच्यातून साहेबाचा पेपर काढला. तिला वाचता येत नव्हतं, मी चौथी झालेली. म्हणाली, "वाच वं. घरमा मन्हाकडे सगळा कसातरी दखी ऱ्हायनात."

घरात सगळे तिच्याकडे कसेतरी का बघतात, ते मी वाचलं. खादीवाल्या गुंड स्त्रियांची दगडफेक, राजनिष्ठ पाटलांच्या पत्नीचं डोकं फुटलं.

सासूनं डोक्यावरून हात फिरवला. पुढून, मागून, अंबाड्याखालून. मग म्हणाली, "घागर फुटनी, ती लिखेल नही का?"

"नाही, आत्याबाई."

"नवी व्हती ती," ती म्हणाली.

सासऱ्यांना तिनं डोकं दाखवलं होतं. ते म्हणाले, मुका मार असंल, तो दिसत नाही. चावडीनं तिच्या जखमेबद्दल निषेधाचा ठराव केला होता, आणि तिनंच तिथं सगळ्यांना चहा पाठवला होता.

इथपर्यंत गंमत होती. पण अखाजी सरली की सासरहून लेकीला न्यायला माणूस येतो. मला न्यायला कुणी येईना. सासऱ्यांनी निरोप धाडला, आमच्या बाईचं डोकं फोडणाऱ्यांनी आधी माफी मागावी. बापानं उलट निरोप धाडला, माझ्या पोरीचा हात मोडणाऱ्यांनी नाक घासत यावं. दोघेही हट्टाला पेटलेले. गावात कुजबुज सुरू झाली, ही आता माहेरीच राहणार. एकीनं माझ्या आईला विचारलंसुद्धा, सोडचिठ्ठी कुणाकडून येणार म्हणून. मला घरी जायचं होतं. उघड सांगते, मला नवऱ्याची आठवण येत होती. तो बिचारा रोज संध्याकाळी बैलं पाणी पाजायला पलीकडच्या काठाला आणायचा, आणि त्या बैलांना इतकी तहान कशी लागते कोण जाणे, अंधार होईपर्यंत हलायचा नाही. माझ्या बापाला विचारायची त्याची हिंमत नव्हती, आणि स्वतःच्या बापाला तर नव्हतीच.

अशात आमच्या दारी एक गृहस्थ आला. तळोद्याला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. बापानं त्याला पाट दिला, सरबत दिलं. पेपराचा बातमीदार होता तो, माझ्या हाताची पुढची हकीकत घ्यायला आलेला. बाप बैल बांधायला गेला तशी मी विचारलं, "आणि साहेबाच्या पेपरात कोण लिहितं?"

तो जरा खोकला आणि हसला. "तेही मीच, ताई. पीठ एकच. एक भाकर यांना, एक त्यांना. बायका नदीवर गेल्या, शिव्या दिल्या, घरी आल्या, असं लिहिलं तर छापणार कोण? ते दरसालचंच आहे."

माझं डोकंच फिरलं. पण मी गोडीनंच म्हटलं, "उद्या सकाळी झिऱ्यावर या. डोकं फुटलेली बाईपण तिथंच भेटेल." तो खूश झाला.

सकाळी सासू आली. मी तिला सगळं सांगितलं. तो आला तसं तिनं त्याला आपादमस्तक बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, तुम्ही हाई सगळं दखं कथाईन?"

म्हणजे, पाहिलंत कुठून? नदीवर तर पुरुष नव्हते. हळूहळू बाहेर आलं, पलीकडे साडूकडे आमरस खायला आला होता आणि बाभळीच्या बनात दडून बसला होता.

"बायांच्या शिव्या ऐकायला!" सासू म्हणाली, आणि तिचा आवाज दोन्ही गावांत गेला. "सांग आता, हे कोणत्या पेपरात छापायचं? यांच्या का त्यांच्या?"

पाणी भरायला आलेल्या बायका जमा झाल्या. तो हात जोडून म्हणाला, "आई, दोन्हीकडे दुरुस्ती छापून आणतो." गडबड ऐकून माझा बाप या काठावर आला, सासरे त्या काठावर आले, मागे दोन्ही गावं.

मग सासूनं काय केलं? घागर भरली आणि फुटलेल्या डोक्यावर ठेवली. दुसरी भरली आणि माझ्या मोडलेल्या हातात दिली. "चाल वं घर," म्हणाली. सासू स्वतः सुनेला न्यायला आल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. मी बापाकडे बघितलं. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता. भरली घागर, आणि हात ताठ. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं, आणि मानेनंच जा म्हटलं. आम्ही दोघी पाण्यातून पलीकडे गेलो. बैलं तिथं होतीच, सकाळीसुद्धा तहानलेली.

दुरुस्ती छापून आली. माणूस शब्दाला जागला म्हणायचं. खादीच्या पेपरात लिहिलं होतं, देशभक्तीच्या बळावर भगिनीचा हात चमत्कारिकरीत्या सांधला गेला. साहेबाच्या पेपरात लिहिलं होतं, सरकारी औषधोपचारानं पाटलीणबाईंची जखम बरी झाली. माझा बाप पारावर म्हणाला, "मी सांगं व्हतं ना?" सासरे चावडीवर तेच म्हणाले. दोघांचेही पेपर चालू राहिले.

सासूनं ती दुरुस्ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, जाऊ दे, आपली अखाजी आहे ना.

पुढच्या अखाजीला मी माहेरी गेले ती पोटुशी होऊन. नदीवर उभी राहिले. पलीकडून, सगळ्यांच्या आधी, नव्या घागरीवर हात मारत सासूचा आवाज आला, "ये वं हातमोडकी!"

मी तोंडाशी हात धरून जिवाच्या आकांतानं ओरडले, "या हो डोकंफुटकी!"

आता माझ्या नातीसुद्धा नदीवर ह्याच दोन शिव्या देतात. कुठून आल्या ते त्यांना ठाऊक नाही. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अखाजीला मी अजून काठावर जाते आणि पलीकडून कुणीतरी मला हातमोडकी म्हणेपर्यंत घरी येत नाही.