गणपती फक्तवला

आमच्या ह्यांचा उजवा हात अर्धांगवायूत गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे काय कमी आहे? खरंच आहे. पण ह्यांच्या मते हाताबरोबर निम्मा जीव गेलाच होता. चष्मा, पाणी, सदऱ्याची बटणं, सगळ्यासाठी "अगं!" अशी हाक मारायची, लिहायचं असलं तरी "अगं!". ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सवात एक अंक निघतो, त्यात हे दरवर्षी लिहितात. आता हे सांगायचे आणि मी लॅपटॉपवर टाइप करायची.

म्हणजे भांडण ठरलेलं. हे म्हणायचे "फक्त", माझ्या बोटांतून यायचं "बस". "बस दीड दिवसाचा गणपती होता." आता मी तरी काय करू? उभा जन्म इथे ग्वाल्हेरात, माधवगंजात गेला, दिवसभर कानावर हिंदी.

"मी असं बोलतो का गं?"

"नसाल बोलत. पण सगळ्यांना कळतं ना? बस!"

झालं, त्या दिवशीचं लिखाण तिथेच आटोपायचं.

एके दिवशी हे लेकीला फोनवर म्हणाले, "मला एकट्याला लिहिता येईल असं काहीतरी दे. कोणाला हाक मारावी लागता कामा नये." कोणाला म्हणजे मलाच की! मला राग आला, आणि वाईटही वाटलं.

लेक इंदूरला कंप्युटरच्या नोकरीत आहे. ती आली आणि लॅपटॉपवर लिहिण्यासाठी एक काळाकुट्ट एडिटर बसवून गेली. ना चित्रं, ना बटणं. आमच्या जुन्या सोप्या एडिटरमध्ये माउस धरून ओढा, नाहीतर दोन-तीन कळा एकदम दाबा. एका हाताचं ते काम नव्हे. इथे एकामागून एक कळ दाबली की भागत होतं. "बाबा, शिकायला त्रास आहे, पण एकदा हात बसला की..." एवढं बोलून ती चपापली. हे म्हणाले, "डावा आहे ना, तो बसेल."

पण तो एडिटर महाखट! एक कळ दाबली की लिहायचं, दुसरी दाबली की नुसते हुकूम सोडायचे. लिहिताना मराठी कीबोर्ड, हुकूम सोडताना इंग्रजी. विसरलात की हा ढिम्म.

"दारात दूधवाला आला की हिंदी, आत वळलं की मराठी, तसंच आहे हे," ह्यांनी मला समजावलं.

"हो का? मी दूधवाल्याला 'भैया, उद्या जास्त देना' म्हणते, तरी तो दूध देतो. तुमच्या ह्याला काय धाड भरलीय?"

एकदा तर त्यातून बाहेरच पडता येईना. मी वैतागून वायर उपटली, तर मेला बॅटरीवर तसाच चालू. "अहो, तो सोपा होता, तो काय वाईट होता?"

"तुला सोपा," हे म्हणाले. मी वायर परत खोचली.

हळूहळू जमायला लागलं. दोन कळांत अख्खी ओळ उडायची, खालचा परिच्छेद वर यायचा. मग काय, ह्यांना चेव चढला. लेखाचा निम्मा भाग माझ्या हातचा होता. त्यातल्या सगळ्या "बस"चं एका हुकमात "फक्त" करून टाकायचं ठरलं. मला मुद्दाम शेजारी उभं केलं आणि कळ दाबली.

"त्या वर्षी घरी गणपती फक्तवला. काका पाटावर फक्तले. आत्या दमून खाली फक्तली. पाहुणे अजून फक्तस्टँडवरच होते."

मला हसून हसून भिंत धरावी लागली. हे मात्र पांढरेफटक पडले. कीबोर्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घे. माझ्याच्यानं नाही व्हायचं. तूच कर."

खोटं कशाला सांगू, माझा हात पुढे गेलाच. इतके दिवस मला हेच तर ऐकायचं होतं. पण ह्यांचं तोंड बघवेना. मी हात मागे घेतला आणि ओरडले, "केलेलं मागे फिरवायला लेकीनं 'यू' सांगितलाय ना? दाबा की! बाप्पाला असाच फक्तवून ठेवणार आहात का?"

ह्यांनी 'यू' दाबला. गणपती बसला, काका बसले, आत्याही बसली. मग हे एकेक शब्द तपासत, बदलत राहिले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर घर शांत झालं. सकाळभर खोलीतून नुसता कळांचा आवाज यायचा. मी उगाच एकदोनदा डोकावले, पण ह्यांची मान वर नाही. चांगलंच झालं म्हणायचं आणि कणीक जरा जोरात तिंबायची, असं चाललं होतं माझं.

एके दिवशी फोडणीत मोहरी टाकली आणि हाक आली, "अगं!" मी तशीच धावले.

"काय हवंय? अडलं का कुठे?"

"नाही. लेख झाला. पाठवलासुद्धा."

"मग हाक कशाला मारलीत?"

"अशीच," हे म्हणाले. "आजारी पडल्यापासून तुला कामाशिवाय हाक मारलीच नव्हती."