मनस्वीचा तळहात

जासईचा काशीराम माझा चुलतभाऊ. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागल्या की पनवेल-उरणच्या गावागावांत माइकवर कॉमेंट्री करायला हाच. फलंदाजाने बॅट उचलायच्या आत याची जीभ सुटलेली असते. बढाईखोर, पण मनाचा मोठा. कुणाकडे लग्न असो की मयत, हा हजर. अशा माणसाची एकुलती पोर नाकात बोलते, हे त्याला फार लागायचं.

मनस्वी जन्मली तीच दुभंगलेली टाळू घेऊन. वर्षाची असताना टाळू शिवली आणि काशीरामच्या लेखी विषय संपला. पुढे ती बोलायला लागली, तर 'प' म्हणताना हवा नाकातून निघून जायची. टाळू शिवलीय, मग अडतंय कुठे? लाडावलीय, आळशी आहे, असं त्याने ठरवूनच टाकलं. रोज जेवणाआधी तो तिला समोर बसवून 'पप्पा' म्हणायला लावायचा. बायको जनी मध्ये बोलली तर तिलाही गप्प करायचा. यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

शाळेतल्या बाईंनी फारच लावून धरलं, तेव्हा नवव्या वर्षी तो तिला पनवेलला दवाखान्यात घेऊन आला. मी तिथेच खांदा कॉलनीत राहते, म्हणून सोबत गेले. आम्हाला वाटलं एखादा डॉक्टर असेल. बघतो तर सर्जन, दातांचे डॉक्टर आणि बोलायला शिकवणाऱ्या अनुया मॅडम, तिघं एकत्र बसलेले.

मॅडमनी तिला जवळ घेऊन 'पप्पा' म्हणायला सांगितलं. मनस्वी म्हणाली, नेहमीसारखंच नाकात. आणि लगेच तिने उजवा तळहात मॅडमपुढे उघडा धरला आणि डोळे घट्ट मिटले.

मला आधी कळेचना. मग कळलं. काशीराम खाली बघत होता. डॉक्टर समोर नसते तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

सर्जननी नाकातून बारीक कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. पोर बोलायची तेव्हा टाळू वर उचलली जायची, ताणली जायची आणि घशाच्या मागच्या भिंतीच्या अलीकडेच थांबायची. फट उरायचीच. टाळू आखूड पडतेय, ते म्हणाले. आणखी एक ऑपरेशन, मग मॅडमकडे शिकणं, आणि दातांचं दातांचे डॉक्टर बघतील.

"ती जीव तोडून प्रयत्न करतेय," अनुया मॅडम काशीरामला म्हणाल्या. "मारून फट बुजत नाही."

बाहेर येऊन तो पायरीवर मटकन बसला. मग पोरीला म्हणाला, "जमत नाय, असं मला सांगायचं नाय का, बाय?"

मनस्वी नाकातच बोलली, पण थांबून थांबून, आम्हा दोघांना कळेल असं.

"सांगितलेलं. तुमी बोल्लात, आदी नीट बोल."