खेमराजची पहिली पंगत

खेमराजला जेवताना कुणी पाहिलं आहे का, असं अर्जुनीकडच्या त्याच्या गावात विचारलं, तर लोक आधी हसतील आणि मग विचारात पडतील. वाढताना मात्र त्याला सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चाळीस वर्षं गावातलं एकही लग्न, बारसं की तेरवी त्याच्या बादलीवाचून पार पडली नाही. कमरेला दुपट्टा आवळायचा आणि पंगतीत शिरायचं. ताटावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणणाऱ्याचं त्याने जन्मात ऐकलं नाही. बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचा! आणि स्वतः? सारं गाव जेवून हात धुऊन पान खाईपर्यंत हा उपाशी. मग तळाचा भात, गार वरण, तेही उभ्याउभ्याच. स्वतःच्या पोरीच्या लग्नातही असाच जेवला. त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, ते अजून माफ केलेलं नाही.

पण गावात बुफे आला आणि खेमराजचा घात झाला. आता लोक हातात ताट घेऊन रांगेत उभे राहतात आणि टोपी घातलेली केटरिंगची माणसं पळीभर भाजी टाकून पुढे ढकलतात. या लग्नसराईत त्याला वाढायला एकाही घरून बोलावणं आलं नाही. जेवायच्या पत्रिका आल्या, पण तो गेला नाही. "वाढाचं नाही, तं जाऊन का करू?" असं यशोदाबाईला म्हणाला आणि धानाच्या बांधावर जाऊन बसला. वाढणं गेलं, आता आपल्याला कुणी बोलवावं तरी कशाला, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याला फार वाईट वाटत होतं आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं.

त्याच्या तिन्ही मित्रांना हे कळत होतं. उदाराम शेजारचा शेतकरी, शालीकराम नागझिऱ्याच्या जंगलात गाईड, चुन्नीलाल गोंदियात फुलचूरला घर बांधून राहिलेला. चौघे गावच्या एकाच तलावात पोहायला शिकलेले. चुन्नीलालने एका रविवारी सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं, ते थेट फुलचूर रोडवरच्या नव्या विलायती पबमध्ये. अट एकच होती. जेवण होईपर्यंत खेमराजने खुर्ची सोडायची नाही.

"बसन ना," खेमराज म्हणाला. "बसाले का लागते?"

आत भर दुपारी अंधार. लाकडी भिंती, पितळेचे दिवे, आणि भिंतीवर शिंगं असलेलं एक खोटं मुंडकं. शालीकरामने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हा प्राणी आपल्या जंगलातला नाही, असं जाहीर केलं. काळं जाकीट घातलेला धर्मेंद्र नावाचा पोक्त वेटर आला. चुन्नीलालने सूप, पाव, चिकन आणि खेमराजसाठी तळलेला मासा सांगितला. तलावाकाठच्या माणसाला मासा तरी ओळखीचा वाटेल, एवढाच त्याचा हिशेब.

आधी उदारामचं सूप आलं. त्याने चमचा उचलला.

"ठेव खाली," खेमराज म्हणाला. "साऱ्याइचं आलं का? पंगत बसली का?"

पंगतीत सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा खेमराजचा कायदा. उदारामने चमचा ठेवला. मग बटाट्याच्या लांब फोडींची टोपली आली, तिलाही कुणाला हात लावू दिला नाही. चिकन आलं. सूप गार झालं. मासा काही येईना.

तेवढ्यात खेमराजची नजर शेजारच्या टेबलावर गेली. एक कुटुंब बसलं होतं, आजीपासून नातवंडांपर्यंत सहा जण. सहाही ताटं कोरी! खेमराज चुळबुळला. त्याने दुसरीकडे पाहून बघितलं, पाण्याचा घोट घेतला. कोरं ताट बघत बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. उदाराम "बस गा" म्हणेपर्यंत त्याने दुपट्टा कमरेला आवळला, टोपली उचलली आणि त्या टेबलाशी पोचलासुद्धा.

"घ्या, घ्या. गरम हाये." गरम अजिबात नव्हतं. आजीने हात आडवा धरला. खेमराजने तिच्या दोन बोटांमधून फोड बरोबर ताटात सोडली. आजी खुदकन हसली. पलीकडच्या टेबलावरून कुणी हाक मारली, "भैया, पानी!" खेमराज जग घेऊन धावला. चार महिन्यांत त्याचा चेहरा असा फुलला नव्हता.

धर्मेंद्र लगबगीने आला. त्याने जग हळूच काढून घेतला. "अंकल, आप बैठिए ना. परोसने का काम हमारा है."

तो नम्रपणेच बोलला, पण खेमराज पडलेल्या चेहऱ्याने परत येऊन बसला. "इथंबी बुफेच हाये," एवढंच म्हणाला. चुन्नीलालला तर ही पार्टी दिल्याचाच पस्तावा झाला.

मग धर्मेंद्र मासा घेऊन आला, वाफाळता. उदाराम उठला. त्याने खेमराजच्या कमरेचा दुपट्टा ओढून काढला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि वेटरच्या हातून थाळी घेतली. "आज आमी वाढतो, साहेब. नाही म्हनू नका." धर्मेंद्रने तिघांची तोंडं पाहिली आणि तो बाजूला झाला.

"कायले वाढून राहिला बे?" खेमराजने ताटावर हात आडवा धरला. "आधी तुमी खा. मी मागून खाईन."

"तू कोनाचा हात मानला होता का कदी?" उदाराम म्हणाला आणि माशाचा तुकडा त्याच्या बोटांच्या फटीतून ताटात सोडला. शालीकरामने शेजारून टोपली आणून उरलेले बटाटे लोटले, चुन्नीलालने पाव ठेवला. "तुले वाढाले नाही बोलावलं, खेम्या. तुले बोलावलं."

तिघांपैकी कुणीच बसलं नाही. पंगतीत वाढपी उभे राहतात तसे ते खुर्चीभोवती उभे राहिले. खेमराजने मान खाली घालून पहिला घास घेतला. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"कसं हाये?" उदारामने विचारलं.

चाळीस वर्षं हा प्रश्न खेमराजने गावाला विचारला होता. त्याने दुपट्टा शोधला, तो उदारामच्या कमरेला होता, म्हणून मनगटानेच नाक पुसलं.

"मीठ कमी हाये," तो म्हणाला आणि ताटावरचा हात काढून घेतला. "पन वाढ."