बटाट्याचा छापखाना

छपाईच्या शाईचा वास आला की अमिरातीतल्या अल ऐनमधली ती दुपार आठवते. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध पूर्वी जशी निघायची तशा वर्तमानपत्राचा मथळा लेकीला शाळेसाठी छापायचा होता. बटाट्यावर कोरलेली अक्षरं कागदावर उलटी उमटली, तशी ती रडवेली झाली. रत्नागिरीहून आलेल्या माझ्या अब्बांनी, म्हणजे तिच्या नानांनी, जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले, पण नातीच्या इंग्रजीपुढे ते महिनाभर गप्पच होते. त्यांनी सुरी घेतली. "अक्षर उलटं कोरायचं, बाय. काय छापायचंय?" "नो वन कॅन ओन अ पर्सन," लेक म्हणाली. माणूस कुणाच्या मालकीचा नसतो, मी अर्थ सांगितला. "मग मोठ्या टायपात हवं," म्हणत त्यांनी आणखी बटाटे मागितले. पान झकास उठलं. "पेपरावर मुद्रकाचं नाव लागतं," अब्बा म्हणाले. लेकीने मला विचारून विचारून खाली लिहिलं, 'मुद्रक: नाना'. तिने हौसेने लिहिलेलं ते पहिलं मराठी आज माझ्या भिंतीवर आहे.