मैत्रीतून वगळलेली

क्षयाचं निदान झालं तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. गारखेड्याच्या घरी माझी खाट गच्चीवरच्या खोलीत गेली आणि मुलगी खाली मोठ्या जावेकडे. साध्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून वर राहायच्या दोन महिन्यांचे आठ महिने झाले. ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर यायचं. मुलगी अंगणातून हात हलवायची आणि खेळायला पळायची.

इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टर बौद्ध होत्या. मी भिंतींशी बोलायला लागलेय असं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला आनापान शिकवलं. डोळे मिटायचे, नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. खोकला आला तर तोही बघायचा. शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं, त्याला त्या मैत्री म्हणत. मी रोज संध्याकाळी सहाला बसू लागले. मैत्री सगळ्यांना द्यायचे, अगदी गल्लीतल्या कुत्र्यांनाही. जावेला मात्र मुद्दाम वगळायचे.

कारण एकदा खालून "आई" अशी हाक आली, मी "काय गं" म्हणत दाराशी धावले, तर ती हाक जावेला होती. 'मोठी आई'मधलं मोठी कधी गळालं, मला कळलंच नाही. माझा नुसता तिळपापड झाला. त्यात मी बसले की खालचं घर चिडीचूप व्हायचं. बाई माझ्या लेकीला नटवून मिरवायला नेते, अशी माझी खात्रीच होती. श्वास राहायचा बाजूला आणि मी मनानं त्या दोघींच्या मागे बाजारभर फिरायचे.

शेवटी थुंकीची तपासणी लागोपाठ चांगली आली आणि डॉक्टरांनी खाली जायची मोकळीक दिली. मी कुणाला न सांगता, चोरी पकडायची म्हणून बरोबर सहाला उतरले. शेवटच्या पायरीवर जाऊ डोळे मिटून बसली होती. मुलगी तिच्या मांडीत, तीही डोळे घट्ट मिटून, नाकाखाली बोट धरून.

माझी चाहूल लागली तशी जाऊ दचकली. म्हणाली, "गलका झाला की तुझं बसणं मोडतंय. म्हणून सिस्टरला इचारून आम्ही बी बसतो. आई वर बसली, आपण खाली बसू, असं सांगितलंय हिला."

मला लाज वाटली. मी मुलीपुढं हात पसरले. तिनं आधी जावेकडे पाहिलं आणि जावेनं मान हलवल्यावरच ती माझ्याकडे आली.

त्या दिवशी मैत्रीत मी जावेला सगळ्यांच्या आधी घेतलं. तिचं भलं होवो, असं तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा आत जळतच होतं.