आतल्या बाजूची खूण

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं डागमास्तर म्हणतात. चहाचा, शाईचा, गंजाचा, कसलाही डाग आणा, हे मान तिरकी करून बघणार, "निघेल" नाहीतर "नाही निघणार" एवढंच म्हणणार आणि कामाला लागणार. लाँड्रीत बोलायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी मनापासून करते.

अशा माणसाने एक दिवस इस्त्री फिरवता फिरवता विचारलं, "अगं, टॅटू काढला तर कसा दिसेल?"

"कोणाला?"

"मला."

साठी उलटलेला माणूस. शर्टाचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं ठेवलं नाही. मी पोट धरून हसले. हे मात्र हसले नाहीत, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला निघाले तर डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने काहीतरी काढलेलं. एक आडवी रेघ, वर एक ठिपका, खाली एक ठिपका. शाळेतल्या भागाकारासारखं. मी बघतेय म्हटल्यावर टॉवेल ओढून घेतला.

मी काय दुधखुळी आहे? लाँड्रीत प्रत्येक घराची एक खूण असते. कॉलरच्या किंवा कमरेच्या आत, धुऊनही न जाणाऱ्या शाईने काढलेली. गोल म्हणजे वकीलबाई, फुली म्हणजे जिन्याखालचे दोघे भाऊ, गोलात ठिपका म्हणजे बेकरीवाले. सगळ्यांचे कपडे एका हौदात भिजले तरी त्या खुणेवरून ज्याचा कपडा त्याच्या घरी जातो. म्हणजे ह्यांच्या दंडावर होती ती नुसती नक्षी नव्हती, कोणाच्या तरी घराची खूण होती. तीही आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशी.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले. आलेला प्रत्येक कपडा उलटा करायचा आणि खूण बघायची. वकीलबाईंचा कोट तपासला. नाच शिकवणाऱ्या बाई नवीन आल्यात, त्यांच्या घोळदार झग्याच्या चुण्या हे स्वतः बसवतात, तो तर मी दोनदा उलटा केला. भागाकार कुठेच नाही. उलट संशय वाढलाच. जिचे कपडे दुकानात येतच नाहीत अशी ही कोण?

आणि रंगांचं तर वेगळंच. एक दिवस दंडावर काळं, एक दिवस निळं, मग लाल. मला विचारतात कसे, "लाल उठून दिसतो ना गं?" आमच्याकडे लाल खूण कोणत्या कपड्याला? ज्याचा रंग जातो, जो वेगळा धुवायचा असतो त्याला. म्हटलं, बरोबर आहे, कोणाला तरी वेगळं काढायचं चाललंय आणि ती मीच असणार. त्यात दुपारी "सोडा आणतो" म्हणून जायचे आणि हात हलवत परत यायचे. जेवणानंतर गुपचूप एक गोळी घ्यायचे. विचारलं तर ॲसिडिटी. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

शेवटी मी टॅटूवालीकडेच गेले. सायकलच्या दुकानावर तिची खोली आहे. बारीक केस कापलेली पोरगी, कागदावर मासा काढत बसली होती. मी सरळ विचारलं, "तो भागाकार कोणाचा आहे?"

"त्या काकांचा? तुम्ही त्यांच्या घरच्या का? कोणाचा ते नाही सांगितलं हो. रंग ठरवायला मात्र दुपारभर बसले होते. पण मीच नको म्हटलं, काकू. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांना. सुई लावली की रक्त लवकर थांबायचं नाही. म्हटलं, आधी हृदयाचं ऑपरेशन होऊ दे, डॉक्टर हो म्हणू देत, मग या."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. तिने पाणी दिलं, ते प्यायले, आणि उतरताना तळपायाची आग मस्तकात गेली ती दुकान येईपर्यंत तशीच होती.

"इस्त्री ठेवा बाजूला. ऑपरेशन कधी आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इस्त्री उभी केली. "सोमवारी. रविवारी सांगणारच होतो."

"उपकार झाले. आणि ती खूण कोणाची?"

"आपली."

"आपली खूण कुठे आहे?" खरंच नाही. गावाचे कपडे ओळखतो आम्ही, पण घरच्या कपड्यांना खूण कधी घातलीच नाही. ते कुठे जाणार होते?

"नव्हती, म्हणून बनवली," हे म्हणाले. "रेघ म्हणजे हे टेबल. एका बाजूला तू, एका बाजूला मी. तिथे सगळ्यांना सारखाच हिरवा गाउन घालतात गं. मी बघून आलोय. म्हटलं, खूण असलेली बरी."

मला रडू आलं आणि रागही तेवढाच आला. "मग लाल कशाला?"

"भीती वाटते. जरा जपून धुवा, म्हणून."

"लाल नाही. वेगळं काढायचं नाहीये कोणाला," मी म्हटलं आणि गल्ल्यामागचं काळ्या शाईचं पेन काढलं. ह्यांची बाही वर केली आणि आतल्या बाजूला रेघ ओढली, दोन ठिपके दिले. मग माझा हात पुढे केला. आता पेन ह्यांच्याकडे. जन्मभर खुणा घालणारा माणूस, तरी माझा खालचा ठिपका जरा लांबलाय.

सोमवारी नर्सबाईंनी स्पिरिट लावून दंड घासला. जाईना. "हे काय आहे हो?" म्हणाल्या.

"खूण आहे," मी माझा हात दाखवला. "ह्या घरचा आहे. इथेच परत आणून द्या."

संध्याकाळ होईपर्यंत मी बाकावर त्या लांबलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून बसले होते. मग दार उघडलं आणि त्यांनी आणून दिला. बराच चुरगळलाय, पण आमचाच आहे.