श्रीखंडातली खरखर

आज श्रीखंडाचा पहिला घास घेतला आणि जिभेला पुन्हा खरखर लागली. पण या वेळी मी दोन घोट पाणी पिऊन तोंड ओलं केलं आणि दुसरा घास घेतला. तो अलगद घशाखाली उतरला.

कित्येक महिने मी सूनबाईला टोचत होतो, "चक्का नीट फेटत नाहीस." बिचारी तो पुरणयंत्रातून दोनदा काढायची. शेवटी तिने श्रीखंड करणंच सोडलं. काल नात घरी आली आणि तिने आईला पुन्हा चक्का बांधायला लावला. मला म्हणाली, "आजोबा, आमच्या प्रयोगशाळेत हेच मोजतात, जीभ आणि टाळू यांच्यातलं घर्षण. लाळ कमी झाली की मऊ पदार्थही खरखरीत लागतो. तुमच्या नव्या गोळीने तोंड कोरडं पडतंय. आईचा हात तोच आहे."

म्हणजे मऊपणा नुसता वाटीत नसतो. थोडा खाणाऱ्यालाही आणावा लागतो. आजवर किती माणसांना मी असंच खरखरीत ठरवलं असेल, कोण जाणे.

"सूनबाई, श्रीखंड मऊसूत आहे. आधीचंही होतं," मी म्हणालो.

"हे लेखी द्या, बाबा!" ती हसली, आणि न विचारताच तिने आणखी एक डाव वाढला.